अर्ध्या सुताची जागा

वरणगाव, ४ मार्च २०२४

ती. अक्कास लीलाधरचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या मनाने ठरवतेस, म्हणून पत्र. तब्येत ठणठणीत आहे. निवृत्त होऊन वर्ष झालं. चौतीस वर्षं कारखान्यात मापं तपासली, केसभर फरक खपवून घेतला नाही. आता भाकऱ्यांची जाडी तपासतो म्हणून सुनंदा चिडते. बायकोच ती, चिडणारच. पण अक्का, रोज सकाळी आंघोळ करून तयार होतो आणि कुठेच जायचं नसतं. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे फार लागतं.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा लीलाधर

पिंपळनेर, ९ मार्च

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

रडगाणं वाचलं. सुनंदाच्या भाकऱ्यांना नावं ठेवलीस तर तिथे येऊन कान धरीन. काम हवंय ना? आमच्या वस्तीवरचा हातपंप महिनाभर बंद आहे. आतला चामड्याचा वायसर झिजलाय आणि पंप इतका जुना की त्या मापाचा बाजारात मिळत नाही. चौदा घरच्या बायका लांबच्या विहिरीवरून हंडे आणतात. शेजारची भागाबाई तर गुडघे धरून चालते. झिजलेला वायसर आणि पंपाच्या नळीच्या मापाचा तुकडा एसटीच्या पार्सलने पाठवलाय. कर काहीतरी.

सुनंदाला आशीर्वाद. पत्र लवकर टाक.

अक्का

वरणगाव, १५ मार्च

ती. अक्कास सा. न.

सहा वायसर पाठवतोय. नळीच्या तुकड्यात घालून पाहिले, ना सैल ना घट्ट. इतकं नेमकं काम तुमच्या वस्तीने पाहिलं नसेल! तीन दिवस मला जेवायला हाका माराव्या लागल्या म्हणून सुनंदा चिडली, पण खुशीत चिडली.

लोभ आहे तसाच ठेव.

लीलाधर

पिंपळनेर, २१ मार्च

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

वायसर बसवला, पाणी आलं, मी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडा वर गेला तो खाली येईना. चौघीजणी लोंबकळल्या. उघडून पाहिलं तर वायसर फुगून नळीत गच्च! कोरडं चामडं मोजलंस, शहाण्या. भागाबाईच्या माहेरी विहिरीवर चामड्याची मोट होती. ती म्हणाली की चामडं पानी पेस, त्याले जागा लागस. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कमी कापायचं आणि आधी तेलात भिजवायचं. तुझा हात मात्र चांगला शे, असंही म्हणाली. तोंड पाडून बसू नकोस. बायका पुन्हा विहिरीवर जाताहेत.

अक्का

वरणगाव, २५ मार्च

ती. अक्कास सा. न.

तुझं पत्र वाचून हत्यारं गुंडाळून ठेवली. माझा सगळा जन्म लोखंड मोजण्यात गेला, आणि लोखंड पाणी पीत नाही. तुला लिहिणार होतो की दुसरा माणूस बघा. पण विहिरीवर निघालेल्या बायका डोळ्यांपुढून हलेनात. मग उठलो, एक वायसर पाण्यात टाकला आणि दर तासाला मोजला. अर्धं सूत अगदी बरोबर! भागाबाईंना नमस्कार सांग, त्यांना मी गुरू मानलं. बारा नवे वायसर तेलात मुरवून पाठवतोय. सोबत कापायचा साचाही केलाय, म्हणजे माझी वाट पाहायला नको.

तुझा लीलाधर

पिंपळनेर, २ एप्रिल

चि. लीलाधर यास भरभरून आशीर्वाद.

पाच दिवस पंप चालतोय. भागाबाईने तुझ्या साच्याने स्वतः एक वायसर कापला आणि वस्तीभर दाखवत फिरली. ते ऐकून खालच्या दोन वस्त्यांतल्या बायका आपापले झिजलेले वायसर पदरात बांधून आल्या. भागाबाईने त्यांना परस्पर सांगून टाकलं की भाऊ सोमवारी येतोय. मला विचारलंसुद्धा नाही. आता तुझं तू बघ.

अक्का

वरणगाव, ६ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्यामागून पोचेल, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. सोमवारी येतो. सुनंदाही येतेय. मला महिनाभर तिथेच ठेवून घ्या, असं ती तुला सांगणार आहे.

आज हत्यारांची पेटी दुरुस्त करून आणताना गिरधर भेटला, कारखान्यातला जुना सोबती. कुठे निघालास, म्हणाला. वर्षभर हा प्रश्न चुकवायला मी मागच्या गल्लीने जात होतो. आज भर चौकात थांबून त्याला सांगितलं की सोमवारपासून कामावर जातोय.

तुझा लीलाधर