निवांतपणाची रंगीत तालीम

व्हिएन्ना, रविवार

चि. सौ. रोझविता हिला,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. (डोकं तापलेलं असलं तरी आशीर्वादात काटकसर केलेली नाही.) इकडे सर्व कुशल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. वास्तविक गुरुवारपासून या घरात कुशल म्हणावं असं काही उरलेलं नाही. तुझी तब्येत विचारत नाही. गेली तीन वर्षं प्रत्येक पत्रात 'मी ठणठणीत' लिहितेस, तेव्हा असशीलच. विचारायचंय ते एवढंच, की नवरा माझ्या गळ्यात मारण्यापूर्वी एक ओळ खरडली असतीस, तर काय हॅनोव्हरमधली शाई आटणार होती?

मे महिन्यात तुम्ही दोघं यायचं ठरवलंत. चार दिवस निवांत राहू, चित्रं बघू, गाणं ऐकू, तुझ्या या पोल्डीच्या हातचा खसखशीचा केक खाऊ. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आई गेल्यापासून तू या गावात पाऊल टाकलेलं नाहीस. आणि गुरुवारी सकाळी दार उघडते तर समोर तुझे यजमान, पाठीवर पिशवी आणि पायात डोंगर चढायचे बूट. म्हणाले, "मी आधी एकदा सगळं करून बघतो. मेमध्ये घोळ नको." मी म्हटलं, काय करून बघता? तर म्हणे, निवांतपणा! अगं, निवांतपणाची रंगीत तालीम करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. (आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस हातातली कॉफी आधी संपवतो. तुमच्याकडे बहुतेक आग लागायच्या आदल्या दिवशीच बंब बोलावतात.)

पहिल्या दिवशी चित्रं बघायला नेलं. चित्रं कसली बघतात! लहानपणी बाबा आपल्याला ज्या शिकाऱ्यांच्या चित्रापुढे उभं करायचे आणि तू त्यातली कुत्री मोजायचीस, त्या चित्राकडे पाठ करून तुझे डेटलेफ बाकावर बसले. नुसते बसले नाहीत, दोनदा उसळून बघितलं. मग पुढचा बाक. मग त्याच्या पुढचा. तिथल्या पहारेकऱ्याला विचारतात काय, तर लिफ्ट कुठे आहे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का! हॅनोव्हरची माणसं एवढी आळशी असतात हे मला आपल्या घरात जावई करून घेण्याआधी कोणी सांगायला हवं होतं. मी चार पावलं लांब उभी राहिले, ओळख नसल्यासारखी.

पण हे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या कॅफेत नेलं. खिडकीजवळचं ते टेबल माझं आहे, हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे. एका कॉफीवर सकाळभर बसावं, पेपर वाचावा, लोकांना नावं ठेवावीत. कोणाची उठवायची हिंमत नाही. आमचे वेटर पोकोर्नी कॉफी ठेवतात न ठेवतात, तोच यांनी पाकीट काढलं आणि "किती झाले?" म्हणून विचारलं. पोकोर्नींचा चेहरा उतरला. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने पहिल्याच घासाला चपला शोधाव्यात, तसं झालं गं! एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे न्यायाधीश पेपर आणायला उठले, तेवढ्यात यांनी त्यांची हातांची खुर्ची ओढली, बसून बघितलं, आणि "ही चालेल" म्हणाले. न्यायाधीश परत आले आणि हातात पेपर धरून उभेच. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कॉफी आली, पण सोबत पाण्याचा ग्लास नव्हता. हॅनोव्हरला राहून विसरली असशील म्हणून सांगते, पाणी नाही याचा अर्थ 'बाई, उठा आता'. मला! त्या टेबलावर!

आणि काल ऑपेरा. माझा नेम तुला ठाऊक आहे: बसणारे घोरतात, उभे राहणारे ऐकतात. उभ्याची तिकिटं मिळाली, की आम्ही कठड्याला आपापला मफलर बांधतो आणि सॉसेज खायला बाहेर जातो. मफलर म्हणजे माणूस. त्याला सख्खा भाऊसुद्धा हात लावत नाही. परत आलो तर कठडा बोडका! लोक मफलर विसरून गेले, अशी कीव येऊन तुझ्या यजमानांनी एकूण एक गाठ सोडवली, घड्या घातल्या आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नेऊन दिल्या. वर तोंडावर हे समाधान! मग जी धक्काबुक्की झाली, ती रंगमंचावरच्या गाण्यापेक्षा रंगली. वेसेलीबाई, जिच्या शेजारी उभं राहून मी म्हातारी झाले, ती माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. आणि हे दारावरच्या माणसाला विचारत होते, "इथे खुर्च्या का नाहीत?"

तेव्हा स्पष्ट लिहिते. मेमध्ये यायचं तर एकटी ये. नाहीतर दोघंही हॅनोव्हरलाच बसा, खुर्च्या तपासत.

तुझी (अजून तरी),
पोल्डी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी त्यांना गाडीवर पोचवून आले. जाताना ट्रामच्या थांब्यावर बाक नव्हता, तर हे तिथे सुतकी चेहरा करून उभे. माझा तोल गेला. म्हटलं, आता रस्त्यातही खुर्ची पाहिजे का महाराजांना? तर म्हणाले, "मला नको. रोझविताला." मग सगळं बाहेर पडलं. तुझा खुबा गेलाय. तुला उभं राहवत नाही. "पोल्डीसमोर लंगडायचं नाही, म्हणते. म्हणून म्हटलं, कुठेकुठे टेकता येईल ते आधी बघून ठेवावं." ठणठणीत काय गं! खोटारडे! तीन वर्षं मला, सख्ख्या बहिणीला, फसवलंस? भेट तू, मग सांगते.

आणखी एक. स्टेशनवरून तशीच कॅफेत गेले आणि न्यायाधीशांना सगळं सांगितलं. ते उठले आणि ती हातांची खुर्ची स्वतः माझ्या टेबलाशी आणून ठेवली. पोकोर्नींनी पाणी आणलं. डेटलेफना घेऊनच ये. फक्त पाकीट खिशात ठेवायला सांग.

शेवटचं. ऑपेराच्या तीन खुर्च्या घेतल्या आहेत. वेसेलीबाईपुढे चकार शब्द काढू नकोस. मी घोरायला लागले तर कोपर मार, आणि सवयीने उठून उभी राहिले, तर हात धरून आपल्याशेजारी बसव.