काजळीचा अंगठा

गॉलवे,
एप्रिल १८४८

प्रिय कोलमन,

अक्षर तुझ्या ओळखीचं आहे, पण हे पत्र पहिल्यांदाच माझ्या नावाने लिहिते आहे. आधीची सगळी तुझ्या आईच्या नावाने होती. बोस्टनमध्ये तुझ्या खोलीत खुर्ची आहे असं तू लिहिलं होतंस. तर खुर्चीत बस आणि सावकाश वाच. मधलं सोडून शेवटावर उडी मारू नकोस. माझ्या वडिलांच्या शाळेत ती तुझी जुनी खोड होती.

आईसाठी पाठवलेलं जहाजाचं तिकीट पोहोचलं. जहाज नऊ दिवसांनी सुटतं. म्हणूनच मी गॉलवेला आले आहे, आणि एका खानावळीच्या जिन्याखाली बसून हे लिहिते आहे. इथे माणसांची एवढी गर्दी आहे की मला कसंसंच होतं. मला गर्दीची सवय राहिलेली नाही. तू अमेरिकेला गेलास तेव्हा आपल्या गावात, गोर्तमोरमध्ये, अकरा घरांतून धूर निघायचा. नाताळपासून फक्त माझ्या घरातून निघत होता. काही जण वारले, काही चालू लागले, आणि उरलेल्यांची छपरं जमीनदाराच्या माणसांनी खाली ओढली. दिवसभरात माझा आवाज ऐकायला मीच असायचे. कधी कधी मुद्दाम जोरात पाढे म्हणायचे. वडील असते तर म्हणाले असते, सातचा पाढा अजून कच्चा आहे.

तुझी आई पत्र सांगायला यायची तो दिवस मला सणासारखा वाटायचा. शालीखाली काहीतरी घेऊन यायची, बरे दिवस होते तेव्हा बटाटे, नंतर समुद्रकाठचे शिंपले. चुलीशी बसून आधी अर्धा तास माझ्या केसांना नावं ठेवायची आणि मग सांगायला लागायची. बटाट्यावर रोग पडला त्या साली सगळं पीक एका आठवड्यात काळं पडलं, वाफ्यावाफ्यांतून घाण वास सुटला, आणि तिने मला लिहायला लावलं की यंदा बटाटा जरा लहान आहे. गाय विकली त्या महिन्यात म्हणाली, “लिही, गाय छान दूध देते.” मी लेखणी खाली ठेवली. तर म्हणते, “खोटं कुठंय त्यात? देत होतीच की. किती दिवसांपूर्वी ते त्यानं विचारलंय का?” कोलमन, तुला खोटं लिहायला मला तुझ्या आईनेच शिकवलं. पत्र संपलं की ती तव्याच्या बुडाला अंगठा घासायची आणि खाली उमटवायची. जोरात दाबायची. म्हणायची, हलका उमटला तर पोराला वाटेल आई खंगली.

तू प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायचास, मास्तरांची ओनोरा कशी आहे. ते मलाच तिला वाचून दाखवावं लागायचं, आणि उत्तरही मलाच लिहावं लागायचं. ती मुद्दाम सावकाश सांगायची, म्हणजे माझे कान लाल झालेले तिला पाहता यावेत. “लिही, बरी आहे. नाकावर माशी बसू देत नाही. दोन स्थळं आली, दोन्ही हाकलली. का ते तिलाच विचार.” मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. तू मात्र मला कधी विचारलं नाहीस.

आता जे सांगायचं ते सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सेंट ब्रिजिडचा सण होऊन चार दिवस झाले होते, ती पत्र सांगायला आली. मक्याच्या पिवळ्या पिठाची पेज दोघींनी घेतली. तिला ताप होता, मला तो कळायला हवा होता. “प्रिय कोलमन, आम्ही सगळे मजेत आहोत,” इतकं सांगून ती भिंतीला टेकली. मला वाटलं, पुढचं आठवते आहे. ती तिसऱ्या दिवशी गेली, माझ्याच घरात, माझ्याच हातावर. शेवटी तिला तहान खूप लागायची, दुसरं काही दुखत नव्हतं. तिच्यासाठी शवपेटी मिळाली नाही. मी आणि शेजारच्या गावचा म्हातारा फेस्टस, आम्ही दोघांनी तिला तुझ्या वडिलांशेजारी ठेवलं. नंतर तिच्या चुलीतला विस्तव मी माझ्या चुलीत आणला, कारण तो विझलेला मला बघवला नसता.

पत्र अर्धं पडलं होतं. ते फाडून तुला खरं कळवायचं म्हणून मी बसले, आणि माझ्या हातून पुढचं वाक्य तिच्याच बोलीत उमटलं. खाली अंगठा हवा होता. मी तवा घेतला आणि माझा अंगठा लावला. दोन महिन्यांनी तुझं उत्तर आलं. त्यात तू विचारलं होतंस, आई, पोटभर जेवतेस ना? घरात थंडी वाजते का? कोलमन, मला कोणी असं विचारून वर्ष झालं होतं. प्रश्न माझ्यासाठी नव्हते हे मला ठाऊक होतं. तरी मी ते रोज वाचले, आणि ते थांबू नयेत म्हणून पुन्हा लिहिलं. अशी चार पत्रं तुला गेली. तू आईसाठी पाठवलेल्या पैशांचं पीठ मी खाल्लं. ते खाल्लं म्हणून आज मी जिवंत आहे. याची लाज मला आहे, आणि तीही तुझ्यापासून लपवत नाही.

मग तुझं शेवटचं पत्र आलं, सोबत तिकीट. तू लिहिलंस, “आई, तुझा अंगठा फार बारीक झालाय गं. तू काही सांगत नाहीस, पण मला दिसतं. आता तिथं राहू नकोस.” मी दोन दिवस चुलीसमोरून उठले नाही.

तिकीट परत पाठवावं असं आठवडाभर घोकलं. पण मग त्या गावात मरायचं, आणि पुरायलाही कोणी नाही. शेवटी बादलीत विस्तव भरला आणि चार मैल डोंगर ओलांडून फेस्टसच्या चुलीत ओतला. तो म्हणाला, “मास्तरांची पोर ना गं तू? विस्तव देतेस, पण त्यावर शिजवायला काही आणलंस का?” हसून हसून आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या आईचाही विस्तव त्यातच आहे. त्याच्याकडे ती चूल अजून पेटती आहे.

इथे जहाजाच्या कचेरीत कारकुनाने नाव विचारलं. मी तुझ्या आईचं सांगितलं, बार्बरा. वय विचारलं, तर बावन्न सांगितलं. पंचवीस वर्षांची बाई बावन्न सांगते म्हणून तो मला हाकलून देईल असं वाटलं होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि बावन्न लिहून घेतलं.

टपालाची आगबोट आमच्या जहाजापेक्षा कितीतरी वेगाने जाते, म्हणून हे पत्र तुला माझ्या आधी मिळेल. मिळावं एवढ्याचसाठी लिहिलं. तू धक्क्यावर येशील. लांबून तुला तिची तपकिरी शाल दिसेल, उजव्या खांद्यावर ठिगळ लावलेली, कारण माझ्याकडे थंडीचं दुसरं काही नाही. ती पाहून धावत येऊ नकोस, कोलमन. आईला हाक मारू नकोस. तिच्यासाठी जे रडायचं ते आज, त्या खुर्चीत बसून रड. मला तोंडही दाखवायचं नसेल तर त्या दिवशी घरीच राहा, मी समजेन आणि कुठेतरी काम शोधेन. आलास तर एवढंच कर, जवळ येऊन मला एकदा माझ्या नावाने हाक मार. खाली अंगठा लावला आहे. बारीक आहे, तो माझाच.

तुझीच, आता खरी,
ओनोरा