झाकण

टोकोरोआ, न्यूझीलंड
मार्च १९५४

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. सोबतच्या फोटोत कोट सैल दिसतोय, तो शिंप्याचा दोष. तुझा गुडघा कसा आहे?

तुझी बदामी बिस्किटं मी लाकडाच्या गिरणीत नेतो आणि आपल्या रीतीनं प्रत्येकाला एकेक देऊन झाकण लावतो. मुकादम डगल्ड मात्र "चिंगूस डच!" म्हणत मूठभर उचलायचा. सहा महिने सोसलं.

काल डब्यात आपल्या ज्येष्ठमधाच्या काळ्या खारट गोळ्या भरल्या. त्यानं बकाणा भरला आणि भुशात थुंकत बसला.

"आमच्यात एकच घेतात, साहेब," मी म्हटलं.

माझा माओरी दोस्त हेमी यानं एक चाखली. डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणाला, "आणखी दे, लेका." त्याच्यासाठी झाकण उघडंच ठेवलं.

गोळ्या संपल्यात. लवकर पाठव. सोमवारपासून डगल्डचा भाऊही कामावर येतोय.

तुझाच,
विब्रँड