गाण्यातल्या गावचं माहेर

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, तर पूर्ण शुद्धीत स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने समोरच्या घड्याळजीला विचारावं; कालच बुद्धिबळात त्याची दाणादाण उडवली.

१. दुकान व वरची खोली भाड्याची आहे. ती मालकाला परत करावी आणि गळक्या छपराबद्दल माझ्या वतीने त्याला दोन शब्द सुनवावेत.

२. बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीची. शिलाई मशीन, इस्त्री व कात्र्या घड्याळजीच्या सुनेला द्याव्यात, तिचा हात चांगला आहे. मोठ्या कात्रीने तिने कागद कापू नये, नाहीतर मी वरून खाली येईन.

३. माझी खरी मिळकत म्हणजे एक गाणं. ज्या गावाच्या नावाचं ते गाणं लग्नांत, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात वाजतं, ते गाव माझ्या बायकोचं माहेर. मी ते अजून पाहिलेलं नाही. शिंप्याशी लग्न केलं म्हणून तिच्या वडिलांनी दार लावलं ते लावलंच. ती माझ्याशेजारी बसून काजं करायची आणि गावाबद्दल बोलत राहायची: नदीकडे उतरणारी दगडी गल्ली, पायऱ्यांवर कपडे आपटणाऱ्या बायका, वळणावरूनच दिसणारं घराचं दार. मशीन चालवता चालवता मी तेच गुणगुणायचो. शब्द तिचे, चाल माझी. कोट शिवायला आलेल्या एका गायकाने ते ऐकलं आणि मागून नेलं. तबकडीवर बारीक अक्षरांत छापलं, "शिंपी आणि मंडळी". कोण वाचतो! गायक मात्र प्रत्येक कार्यक्रमात ठोकून द्यायचा, "त्या नदीकाठी बसलो असताना मला हे सुचलं." त्याला मी काहीही ठेवत नाही. कोट त्याला शोभायचा, खोटं कशाला बोलू.

४. हे कलम माझ्या मेहुण्यांसाठी. ते त्याच घरात राहतात आणि गावच्या समितीचे अध्यक्ष आहेत. मेहुणे, गाण्याची पहिली ओळ तुम्ही फाट्यावरच्या पाटीवर रंगवलीत आणि घरी बोलावून गायकाचा सत्कार केलात. त्याचा फोटो पेपरात आला, तेव्हा ही कितीतरी वेळ बघत बसली. गायकाकडे नव्हे हो, त्याच्यामागे तुमचं दार दिसत होतं, त्याच्याकडे. "रंग बदलला वाटतं," एवढंच म्हणाली. ज्या बहिणीची पत्रं तुम्ही न फोडता परत पाठवलीत, तिचंच बोलणं तुम्ही पाटीवर लावलंत! मी तावातावाने निघालो होतो तुमच्याकडे. हिने माझ्या चपला लपवल्या. "गप्प बसा. मी नाही, पण माझे शब्द तरी घरात गेलेत. तुम्ही जाऊन भांडाल आणि ते लोक त्यांनाही बाहेर काढतील."

म्हणून ती असेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आता ती नाही. मला तिची फार आठवण येते. कधीही न पाहिलेल्या त्या गावाचीही येते. सांगायला लाज वाटते, पण येते.

५. गाण्याचे सर्व हक्क मी मेहुण्यांना देत आहे. मुलीला विचारलं आहे, तिची हरकत नाही. अट कसलीही नाही, एक विनंती आहे. माझ्यामागे पोरीला माहेर उरत नाही. मालकाचं कुलूप लागलेल्या खोलीला कोण माहेर म्हणेल? हा कागद घेऊन ती स्वतः तुमच्याकडे येईल. यायला घाबरते. "बाबा, दारातूनच हाकललं तर?" म्हणाली. मी म्हटलं, "हाकललं तर परत ये, आणखी काय!" पण मेहुणे, मला तेव्हापासून झोप नाही. ती थेट आईसारखी दिसते, तुम्ही ओळखालच. तिला "कोण पाहिजे?" असं विचारू नका. "कधी आलीस?" असं विचारा.

सही: शिंपी

साक्षीदार: समोरचा घड्याळजी, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई

वरील मजकूर शिंप्याने आम्हां दोघांना स्वतः वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली. शेवटचं कलम त्याच्याने वाचवेना, ते डॉक्टरीणबाईंनी वाचलं.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी