उन्हाचा कारखाना, विहिरीचं पाणी

१४ एप्रिल
ऊन फुकट, म्हणतात. मला पडलं ते असं: आरसे नि बॉयलर मिळून काजूच्या दोन हंगामांची कमाई. सड्यावरच्या कातळाचा जांभा दगड फोडून पाया, वर अर्धा हंगाम. आरशांवर सावली नको म्हणून पाडलेलं हापूसचं धरतं कलम. ते कुठल्याच पावतीवर नाही.
असो. परत भट्टी नाही. काजू भाजताना बायकांचे धुराने चुरचुरणारे डोळे अठरा वर्षं पाहिले. आता उन्हावर वाफ, वाफेवर काजू.

२ मे
विहिरीची सातवी पायरी उघडी. म्हणजे वाडीत पाण्याची पाळी सुरू, घरटी दिवसाला चार कळशा. माझ्या टाकीची नळीही त्याच विहिरीतून. समुद्राचा खार बसतो, आरसे एक दिवसाआड धुवायचे, तेही सगळ्यांसमोर.
रहाटाशी सुलभा, माझ्याकडेच काजू फोडते. मी माडाआड, ऐकत. "शेटच्या आरशांका दिसाआड न्हाण. माझ्या झिलाक आयतवारीच."
पोराला आठवड्यातून एकदाच आंघोळ. खोटं काय त्यात?

५ मे
देवळात बैठक. पाळी बापू बघतात.
"वसंता, उन्हाचो कारखानो मां तुझो? मगे पाणी कित्याक? आरशांचा न्हाण बंद कर, नायतर नळी बंद."
"भट्टी पेटवू? धूर तुमच्याच घरात येतलो."
"धूर सोसतलव रे. पाण्याबिगर तान कशी सोसूची?"
सगळे हसले. मीही. पण सांगून आलो: आरशांना विहिरीचा थेंब लावणार नाही. कारखानाही एक दिवस बंद राहणार नाही.

९ मे
दंव! पहाटे आरसे आपसूक ओले. इतके दिवस बघतोय, सुचलं आज. ऊन चढायच्या आत जुन्या धोतराने पुसले. लख्ख. सुलभा म्हणाली, "बापूक बोलवा शेट, तोंड बघांदे." निरोप धाडलाच. वाडीचं पाणी वाचवलं, असंही वर कळवलं.

१३ मे
आठवी पायरीही उघडी पडली.
बापू आले. आरशांकडे बघितलंसुद्धा नाही. टाकीपाशी उभे. "ह्यो पंप कोण चालू करता?"
कोणी नाही. बॉयलरमधलं पाणी उतरलं की आपोआप टाकीतून ओढतो. बसवणाऱ्याने तशी सोय केलेली, म्हणून कधी मोजलं नाही. आज पंप बंद ठेवून बॉयलरमध्ये कळशीने ओतलं. सुलभा मोजत होती, मोठ्याने.
नळीचं उद्या देवळात ठरेल. जाणार. भट्टी पेटवणार नाही, हेही सांगणार. पुढे काय ते उद्याच.
आरशांना एक दिवसाआड लागायच्या दोन कळशा. वाफेत आज एका दिवसात गेल्या एकोणीस.