मुकुंदच्या कागदावरचं कारण

३, सोमवार
चार दिवसांनी सीमेवरून मुकुंदचा फोन. जखमींची गाडी चालवतोय, मागे तोफा वाजतायत, आणि हा विचारतो, "ताई, बाबांच्या डोळ्यात ड्रॉप कोण घालतं?" ओरडलेच त्याच्यावर. रेवाच्या हातात फोन देईपर्यंत लाइन कटली. बायको ती, बोलले मी. 

७, शुक्रवार
मुकुंद गेला.
दोन जवान आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात घर विचारत आले. आधी गल्लीला कळलं, मग आम्हाला.

९, रविवार
बाबांनी अग्नी दिला. जन्मभर भटजी म्हणून लोकांची कार्यं केली, आज मंत्र आठवेनात. कॅमेरेवाले रेवाला, "भाभीजी, जरा इधर देखिए." हाकललं मेल्यांना.

१७, सोमवार
फौजेकडून कागद आला. मृत्यूचं कारण: वाहन दुर्घटना. बस, एवढंच. जणू गोदौलियाच्या बाजारात जाताना स्कूटर घसरली!

१९, बुधवार
मुकुंदच्या साथीदाराचा फोन. "दीदी, एक बार घायलों को उतार चुका था। हमने रोका, गोले गिर रहे थे। बोला, दो रह गए हैं।" त्या दोघांना घेऊन परतताना गोळा रस्त्यावर पडला, गाडी दरीत.
म्हटलं, "लिखकर दोगे?"
 मग, "साहब से पूछना पड़ेगा।"
रेवाला सांगितलं. म्हणाली, "एकदा सुखरूप आला होता ना? मग परत कशाला गेला?"
तिचा राग आला. नंतर माझाच. हाच प्रश्न माझ्याही मनात होता.

२४, सोमवार
त्या कागदासाठी फौजेच्या दफ्तरात तिसरी खेप. बाबा इतके दिवस म्हणत, "कागद बदलून पोर येणारे का?" आज हट्टाने बरोबर आले.
क्लार्क म्हणाला, "बाबूजी, फॉर्म में खाने ही दो हैं। दुश्मन की गोली, या दुर्घटना।"
बाबा अगदी हळू, "तो तीसरा बनाइए।"
तो हसला. एक वाजता जेवायची सुट्टी, पंखे बंद. मी म्हटलं, "चला बाबा."
"शाळेत तुझे तास आहेत ना? जा तू. मी बसतो."
साडेपाच झाले. अजून आले नाहीत. रेवा चप्पल घालून दारात उभी आहे. म्हणते, मीपण जाते बसायला.