धुक्यातलं आमेन

सेडिसफ्योर्ड, आइसलँड
१२ एप्रिल १९३१

प्रिय आई,
प्रभूची शांती आपल्या घरावर असो.

मी धडधाकट आहे. तू विणलेला स्वेटर अंगावरून उतरत नाही. कॉड मासा भरपूर मिळतोय.

मंगळवारी दुपारी आमची होडी धुक्यात जहाजापासून चुकली. लाटा खडकांवर फुटत होत्या, पण कुठल्या बाजूला ते कळेना. आमचे म्होरके याकुपकाका म्हणाले, "वल्ही ठेवा, टोप्या काढा." आम्ही सहाही जणांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि आमेन म्हणून थांबलो.

प्रार्थना थांबली नाही. डावीकडून एका बाईचा आवाज शेवटच्या ओळी म्हणत होता. घरी जेवणाआधी तू 'क्षमा कर'पाशी अडतेस आणि आम्ही चमचे धरून तुझ्या आमेनची वाट बघतो, तसाच मागे राहिलेला.

"कोण ते विचारू नका," काका म्हणाले. "तिकडे वल्हवा." आवाजाच्या रोखाने गेलो आणि जहाज सापडलं. जहाजावर बाईमाणूस नाही, हे तुला ठाऊकच आहे.

आपल्या धाकटीचा, सुन्नेवाचा खोकला थांबला का? मेंढ्या व्याल्या का?

आई, उत्तर तू स्वतः लिही. पाकिटावर सुन्नेवाचं अक्षर दिसलं, तर ते माझ्याने उघडवणार नाही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
हानुस